पान कुठे ठेवायचं

सासरच्या जेवणात दुसराच घास तोंडात होता, तेवढ्यात धाकट्या जावयांचा फोन किणकिणला. मोठ्या जावयांच्या पोटात दुखायला लागलं ते तिथून.

"आणखी एक आला," धाकटे जावई फोनकडे न बघताच म्हणाले. न बघता म्हणाले, हे महत्त्वाचं. बघून म्हणाले असते तर मोठ्या जावयांनी एक वेळ सोडून दिलं असतं.

"कोण आला?" सासऱ्यांनी दाराकडे मान वळवली.

"दारात नाही बाबा, पानावर. आपल्या गाद्यांची जाहिरात असते ना, तिच्यावर कुणी बोट ठेवलं की एक पान उघडतं. लँडिंग पेज म्हणतात त्याला. वर गाद्यांची माहिती, खाली एक फॉर्म. गिऱ्हाईक आपलं नाव, उंची, वजन आणि कुठल्या कुशीवर झोपतो ते भरतं. पान कुणी उघडलं की माझा फोन वाजतो."

फोन पुन्हा वाजला. सासऱ्यांनी कौतुकाने भाजीचं भांडं धाकट्या जावयांकडे सरकवलं. ते मोठ्या जावयांच्या समोरून, न थांबता गेलं.

"आणि मोठे जावई, तुमचं काय चाललंय?"

मोठे जावई विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होते. भिंतीला आलेली ओल वरच्या मजल्यावरून उतरली की खालून चढली, हे कागद पाहून ठरवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. त्यांच्या कामात काही वाजत नसे. "चाललंय," ते म्हणाले.

आता मोठ्या जावयाचं मोठेपण हे नुसतं लग्नाच्या तारखेने मिळालेलं असतं. धाकटा येईपर्यंत त्याला वाटत असतं की आपल्यात काहीतरी आहे. मग धाकटा येतो, आल्या दिवशी सासऱ्यांच्या टीव्हीचा आवाज नीट करून देतो, आणि चार माणसांत मोठ्याच्या लक्षात येतं की इतकी वर्षं तो टीव्ही मुका होता आणि आपण त्याच्यासमोर बसून मान डोलवत होतो. मोठ्या जावयांना साडूचा हेवा वाटायचा. ते स्वतः त्याला निरीक्षण म्हणत. साडूचे बूट, साडूची गाडी लावण्याची पद्धत, साडू सासूबाईंना कोणत्या शब्दांत नाही म्हणतो, या सगळ्याचं त्यांचं बारीक निरीक्षण होतं. आता त्यात हे पान आलं.

घरी येताना बायकोने तिच्या वर्गाचा विषय काढला. ती मोठ्या माणसांना सायकल शिकवायची. स्वतः चाळिशी उलटल्यावर शिकली होती, दोन्ही कोपरं सोलून घेऊन, आणि शिकल्यापासून तिला रस्त्यातला प्रत्येक पायी चालणारा माणूस म्हणजे राहून गेलेला सायकलस्वार वाटू लागला होता. दर रविवारी सकाळी जवळच्या शाळेचं पटांगण तिला मिळत असे. पण मुख्याध्यापिकांनी नुकतंच सांगितलं होतं, की महिनाअखेरच्या रविवारी पटांगणात बारा शिकाऊ दिसले तर वर्ग राहील, नाहीतर जागा स्केटिंगवाल्यांना जाईल. बायकोकडे पाच होते.

"अहो, शाळेच्या फाटकावर एक कागद लावू या. तुमचं अक्षर चांगलं आहे, लिहून द्याल का?"

"कागद?" मोठे जावई थबकले. "आजकाल कागद कोण वाचतं? पान करावं लागतं. लँडिंग पेज."

"पानाने माणसं येतील?"

"रांग लागेल."

"बरं. आणि तुम्ही स्वतः बसलात सायकलवर, तर तेवढाच एक वाढेल."

मोठ्या जावयांना सायकल येत नव्हती. ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती, आणि घरातही ती फार मोठ्याने बोलली जात नसे. बायको दर महिन्याला विचारायची, ते दर वेळी पुढच्या महिन्यात म्हणायचे. या वेळीही ते पुढच्या महिन्यात म्हणाले आणि घरी जाऊन पानाच्या मागे लागले.

पान लिहिणं सोपं गेलं. वर बायकोचा सायकलवरचा फोटो, मधे चार वाक्यं, खाली फॉर्म. नाव, पत्ता, आणि 'आपली अडचण काय' असा एक रकाना, कारण बायकोचं म्हणणं होतं की प्रत्येकाची भीती वेगळी असते. अडचण पुढे आली. पान झालं, पण ते ठेवायचं कुठे? पान म्हणजे काही हवेत राहत नाही. कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रावर त्याला जागा घ्यावी लागते आणि त्या जागेप्रमाणे त्याला पत्ता मिळतो. मोठ्या जावयांना वाटलं होतं की जाहिरातीचं पान करायचं म्हणजे अक्कल लागते. इथे तर आधी बिऱ्हाड शोधायचं होतं.

फॉर्म बनवून देणारी कंपनीच पानाला फुकट जागाही देत होती. शहाण्या माणसाने तिथेच ठेवलं असतं. मोठ्या जावयांनी ठेवलंही, आणि मग पत्ता पाहिला. सुरुवातीला कंपनीचं लांबलचक नाव, मग एक आडवी रेघ, मग कसलेसे आकडे, आणि अगदी शेवटी 'सायकलवर्ग तीन', कारण एक आणि दोन आधीच कुणी घेतले होते. पानाच्या तळाला ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'तुम्हालाही असा फॉर्म हवा आहे का?' साडूंच्या पानाचा पत्ता एका शब्दाचा होता. नुसती गादी. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. भाड्याच्या घराच्या पाटीवर मालकाचं नाव आधी आणि आपलं तिसऱ्या नंबरवर, असलं पान सासऱ्यांना दाखवण्यापेक्षा न दाखवलेलं बरं. त्यांनी ते पुसून टाकलं.

साडूंना विचारलं असतं तर त्यांनी एका मिनिटात सांगितलं असतं की ते पान कुठे ठेवतात आणि एका शब्दाचा पत्ता कसा मिळतो. हे मोठ्या जावयांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी विचारलं नाही.

त्याऐवजी त्यांनी जिन्यात एक-दोघांना विचारलं आणि इमारतभर झालं. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, त्यांच्या भाच्याचं पान परदेशात ठेवलंय, तिकडची हवा कोरडी असते. समोरचे म्हणाले, पान कशाला, भोंगा लावा. शेवटी कुणीतरी म्हणालं, की आपल्या इमारतीची वेबसाइट आहे, तिथेच का नाही ठेवत? मोठ्या जावयांना पटलं. इमारतीचं नाव भारदस्त होतं आणि पत्त्यात शोभून दिसलं असतं. ते सेक्रेटरींकडे गेले.

"वेबसाइट रहिवाशांच्या सोयीसाठी आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"सायकल ही सोयच आहे."

"पाणी बंद असल्याची सूचना आपण तिथे लावतो. उद्या लोक पाण्याची सूचना बघायला येतील आणि त्यांना सायकल दिसेल. गोंधळ होईल."

"वेगळं पान असेल. पाण्याच्या पानाला धक्का लागणार नाही."

"अर्ज द्या."

मोठ्या जावयांनी अर्ज दिला. अर्जावर आपल्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या लागतात, हे अर्ज दिल्यावर कळलं. सह्या आणल्यावर कळलं, की एका शेजाऱ्यांची सही चालणार नाही, ते भाडेकरू आहेत. मालक गावाला गेले होते. मालक आले, तेव्हा त्यांना आधी जुन्या पार्किंगच्या भांडणाचा निकाल हवा होता. विमा कंपनीत लोकांना हेलपाटे घालायला लावणाऱ्या माणसाने असे हेलपाटे घातले, आणि प्रत्येक हेलपाट्याला त्यांच्या मनात एकच चित्र होतं. सासरे फोन हातात घेऊन साडूंना म्हणताहेत, हे बघा, याला म्हणतात पान.

"मंजूर," एके दिवशी सेक्रेटरी म्हणाले. "फक्त फॉर्म असलेलं पान आपल्याकडे एकाच विभागात चालतं."

"कुठल्या?"

"तक्रारी."

मोठे जावई क्षणभर घुटमळले. पण तोवर इतक्या सह्या झाल्या होत्या की नको म्हणणं हा त्या सह्यांचा अपमान झाला असता. पान तक्रारींच्या विभागात लागलं. त्याच संध्याकाळी त्यांनी सासरच्या ग्रुपवर पत्ता टाकला आणि खाली लिहिलं, 'आमचंही एक पान. सहज केलं.' सासऱ्यांनी अंगठा पाठवला. साडूंच्या पानाला सासऱ्यांनी अंगठा आणि फूल पाठवलं होतं, हे मोठ्या जावयांनी मागे जाऊन तपासलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी जिन्यात सांगितलं की काही फॉर्म आले आहेत. मोठ्या जावयांनी नावं विचारली. तक्रारदारांची नावं गोपनीय असतात, सेक्रेटरी म्हणाले.

"तक्रारदार नाहीत हो ते. शिकाऊ आहेत."

"विभाग तक्रारींचा आहे. तिथे येईल तो तक्रारदार. काळजी करू नका, सगळ्यांना रीतसर उत्तर गेलंय."

रीतसर उत्तर वेबसाइट आपोआप पाठवायची. 'आपली तक्रार नोंदवली आहे. योग्य ती कारवाई केली जाईल.' आणि योग्य ती कारवाई म्हणजे इमारतीचा प्लंबर, कारण आजवर नळाखेरीज कुणी दुसरी तक्रार केलीच नव्हती. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी अडचणीच्या रकान्यात 'तोल जाण्याची भीती' असं लिहिलं होतं. प्लंबरने त्यांच्या दारात उभं राहून पाना सरसावून विचारलं, कशाचा तोल, टाकीचा का? त्या बाईंनी सायकलीचा नाद सोडला. रविवारी पटांगणात तेच पाच जण आले.

चौथ्या दिवशी प्लंबर मोठ्या जावयांच्या दारात आला. घामाघूम झाला होता.

"साहेब, तुमच्या पानापायी मला पार गावाच्या दुसऱ्या टोकाला धाडलं. दोन बस बदलल्या. तिथले साहेब म्हणतात तक्रार नाही. मी म्हटलं, आहे, लेखी आहे. ते म्हणतात, सगळे नळ चांगले आहेत. मी म्हटलं, बघू. शेवटी एक नळ आवळून आलो."

"गळत होता?"

"आधी नव्हता."

मोठ्या जावयांनी त्याला पाणी दिलं आणि पान काढून घ्यायचा अर्ज लिहायला घेतला. त्यावरही सह्या लागणार होत्या.

या सगळ्या दिवसांत त्यांचं साडूंच्या पानाचं निरीक्षण चालूच होतं. सकाळी चहा घेताना एकदा, ऑफिसला पोचल्यावर एकदा, मग जमेल तसं. साडूंनी नवीन फोटो लावला की यांचं तोंड कडू व्हायचं. गादीवर झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान कुठून आणलं असेल, याचा विचार करत ते एका दुपारी ऑफिसात पान वर-खाली सरकवत बसले होते, तेव्हा साहेब मागे येऊन उभे राहिले. साहेबांनी गादी पाहिली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"झोप येते का?"

"नाही साहेब. बाजाराचा अभ्यास."

"आपण आगीचा आणि पाण्याचा विमा करतो," साहेब म्हणाले. "झोपेचा नाही." पुढे आठवडाभर जेवणानंतर, झोपेच्या वेळी येणारे सगळे दावे साहेब त्यांच्याच टेबलावर धाडत राहिले.

वरच्या मजल्यावर एक्स्चेंजकाका राहायचे. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली, आता निवृत्त, आणि घरात जुन्या यंत्रांचा इतका पसारा की काकू महिनोन् महिने लेकीकडे असायच्या. मोठ्या जावयांची हकिगत ऐकून काकांनी कपाळाला हात लावला.

"आपलं पान दुसऱ्याच्या दारात ठेवायचंच कशाला? घरात ठेवा. माझ्याकडे एक जुना कॉम्प्युटर पडलाय. चोवीस तास चालू ठेवायचा, झालं. पत्ता मी एका शब्दाचा मिळवून देतो."

एका शब्दाचा, एवढंच मोठ्या जावयांनी ऐकलं.

कॉम्प्युटर स्वयंपाकघरात आला, कारण मोकळा प्लग तिथेच होता. तो घरघरायचा. काकांनी हौसेने त्याला जुन्या टेलिफोनची घंटी जोडून दिली. पान कुणी उघडलं की ती खणखणायची. साडूंचा फोन नुसता किणकिणतो, हे लक्षात घेता मोठ्या जावयांना हा सौदा फायद्याचा वाटला. त्यांनी नवा पत्ता सासरच्या ग्रुपवर टाकला. या वेळी 'सहज' लिहिलं नाही. 'स्वतःच्या सर्व्हरवर' असं लिहिलं.

एकच अडचण होती. इस्त्री लावली की त्या प्लगवरचं सगळं बंद पडायचं. पान जगाच्या डोळ्यांसमोरून जायचं आणि मोठे जावई ओरडायचे, "अगं, गिऱ्हाईक येत असेल." बायको म्हणायची, "त्याला सांगा, शर्ट होऊ दे." मोठे जावई चुरगळलेल्या कपड्यांत ऑफिसला जाऊ लागले. साहेबांनी त्याचाही संबंध झोपेशी लावला.

पण घंटी वाजली. पहिल्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, खणखणून वाजली. मोठे जावई स्वयंपाकघरात धावले, पदक घ्यायला उभं राहावं तसे त्या यंत्रासमोर उभे राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "आला एक."

"फॉर्म भरला?"

"बघून गेला. लोक आधी बघतात."

मग रोजच वाजू लागली. संध्याकाळी तर हमखास, एकदा, कधी लागोपाठ तीनदा. मोठ्या जावयांचा चेहरा उजळायचा, बायको विचारायची फॉर्म भरला का, ते म्हणायचे विचार करतोय. असं बरेच दिवस गिऱ्हाईक विचार करत राहिलं. अडचणीचा रकाना कोरा तो कोराच.

दरम्यान बायकोने स्वतःच्या अक्षरात एक कागद लिहून शाळेच्या फाटकावर चिकटवला होता. तिचं अक्षर चढावरून उतरल्यासारखं तिरपं होतं. त्या कागदाने पाचाचे सात झाले, साताचे दहा. मोठ्या जावयांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना कागदाचा हेवा वाटू लागला. भाजी आणायला जाताना ते मुद्दाम फाटकावरून जात, कुणी वाचत असलं की लांबून बघत, आणि घरी येऊन यंत्राकडे असं पाहत की जणू त्यानेच त्यांचा घात केलाय.

महिन्याचा शेवटचा रविवार उद्यावर आला. दोन माणसं कमी होती. बायको तीच दहा नावं पुन्हा पुन्हा मोजत होती, पण त्याच शनिवारी दुपारी माहेरची मंडळी जेवायला येणार होती. सासरे आले, मेहुणी आली, धाकटे जावई आले. मोठ्या जावयांनी सासऱ्यांना आधी स्वयंपाकघरात नेऊन यंत्र दाखवलं. सासरे घरघर ऐकत राहिले आणि म्हणाले, "गरम होतंय का हे?"

जेवणं सुरू झाली. धाकटे जावई आज जरा गप्प होते. मोठ्या जावयांना ते गप्प बसणं संशयास्पद वाटलं. नवीन काही केलं असेल पानावर? ते "चष्मा आणतो" म्हणून आतल्या खोलीत गेले आणि फोनवर साडूंचं पान उघडलं. बाहेर धाकट्या जावयांचा फोन किणकिणला.

धाकट्या जावयांनी फोन उचलला, पाहिला, मांडीवर घेतला आणि त्यावर हळूच बोट फिरवलं. स्वयंपाकघरात घंटी खणखणली.

मोठे जावई लगबगीने बाहेर आले. "गिऱ्हाईक," ते सासऱ्यांना म्हणाले आणि आत जाऊन यंत्र पाहून आले. येता येता राहवलं नाही म्हणून त्यांनी दाराआड पुन्हा साडूंचं पान उघडलं. फोन किणकिणला. धाकट्या जावयांची मान खाली गेली. घंटी खणखणली.

"आज फार गिऱ्हाइकं आहेत तुम्हा दोघांकडे," सासरे समाधानाने म्हणाले.

दोघी बहिणी टेबलाच्या मध्यभागी समोरासमोर बसल्या होत्या. मेहुणीने हातातला चमचा खाली ठेवला. "ताई, भाऊजी दाराआड गेले की यांचा फोन वाजतो बघ."

"आणि तुझ्या यांची मान खाली गेली की माझ्या स्वयंपाकघरात वाजतं," बायको म्हणाली. तिने हात पुढे केला. "अहो, फोन द्या इकडे. आणि भाऊजी, तुमचाही."

दोन्ही फोन टेबलावर, मिठाच्या भांड्याशेजारी, पालथे ठेवले गेले. सगळे वाट बघत बसले. कॉम्प्युटर घरघरत होता. त्याखेरीज काही वाजेना.

"गेलं वाटतं गिऱ्हाईक," सासरे हळहळून म्हणाले.

"तुम्ही या पानाचा पत्ता कुणाकुणाला दिला होता?" बायकोने विचारलं.

"ग्रुपवर टाकला की."

"कुठल्या?"

इतक्या खटपटीत आपण पत्ता सासरच्या ग्रुपखेरीज कुठेही टाकलेला नाही, हे मोठ्या जावयांच्या आत्ताच लक्षात येत होतं. सगळं पान, सगळ्या सह्या, घरघर, घंटी आणि चुरगळलेले शर्ट एका माणसाला दिसावे म्हणून होते, आणि तो माणूस ते रोज बघत होता. खरं म्हणजे जाहिरात पूर्ण यशस्वी झाली होती.

"तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता?" त्यांनी दुखावल्या आवाजात साडूंना विचारलं.

धाकटे जावई खाली बघत होते. "मी फॉर्म भरला होता, साडूभाऊ."

"कसला फॉर्म?"

"तुमचा. सायकलीचा. पान इमारतीच्या वेबसाइटवर होतं तेव्हा. मला येत नाही सायकल. पोरीला नवी घेऊन दिली, ती म्हणते बाबा शेजारून चला, आणि मी मागून पळतो. म्हटलं शिकून घ्यावी. मनाचा हिय्या करून नाव घातलं, पत्ता घातला."

"मग?"

"मग तुम्ही प्लंबर पाठवलात."

सासऱ्यांनी स्वतःच भाजी वाढून घेतली.

"मला वाटलं, टोमणा आहे," धाकटे जावई म्हणाले. "तुम्ही विचार करून टोमणे मारता, म्हणून मी बरेच दिवस त्याचा अर्थ लावत होतो. तरी रोज संध्याकाळी पान उघडतो, रकान्यापर्यंत येतो, आणि पुन्हा प्लंबर आला तर, असं वाटून बंद करतो. तो नळ अजून गळतोय."

मोठ्या जावयांच्या मनात एकदम दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे साडूंना सायकल येत नाही. ही बातमी इतकी गोड होती की त्यांनी ती जिभेवर घोळवून घेतली. दुसरी म्हणजे साडू उद्या शिकतील, आणि शिकतील तर एका सकाळीच शिकतील, कारण ते साडू आहेत. पुढच्या जेवणाला सासरे सायकलीचं कौतुक करतील. मग म्हणतील, मोठे जावई, तुमचं काय?

"भाऊजी धरून अकरा," बायको म्हणाली. ती कुणाकडे बघत नव्हती. तिने नवऱ्याला इतक्या वेळा विचारलं होतं, की आता ती विचारणार नव्हती. भांड्यातली भाजी तिने उगाच एका बाजूला सारली. मोठ्या जावयांनी तिच्या कोपरावरचा जुना व्रण पाहिला. पटांगण गेलं तर ती काही बोलणार नाही, हेही त्यांना कळलं, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

"बारा," ते म्हणाले.

"कोण बारावं?" सासऱ्यांनी विचारलं.

"मलाही येत नाही," मोठे जावई म्हणाले, आणि साडूंकडे पाहून पुढे म्हणाले, "आणि मला तुमच्याआधीपासून येत नाही."

रविवारी सकाळी पटांगणात मुख्याध्यापिका हात मागे बांधून उभ्या होत्या. दहा शिकाऊ ओळीने फेऱ्या घालत होते आणि टोकाला दोन जावई दोन सायकली धरून, एकमेकांकडे न बघता उभे होते. मुख्याध्यापिकांनी मोजून घेतले, बायकोला मान डोलावून होकार दिला आणि त्या निघून गेल्या. बायकोने काही न बोलता नवऱ्याच्या सायकलीची सीट खाली करून दिली.

"समोर बघायचं," ती दोघांना म्हणाली. "चाकाकडे नाही, एकमेकांकडे तर मुळीच नाही."

मोठ्या जावयांनी पाय उचलला, पडता पडता सावरले, पुन्हा उचलला. डाव्या बाजूला साडूंच्या चाकाची करकर येत होती आणि ती करकर आपल्या पुढे जाऊ नये, एवढ्या एका इच्छेने त्यांचे पाय फिरू लागले. धडधडत, वाकडेतिकडे, पण पटांगणाला त्या बाजूने जरा उतार होता आणि उताराने त्यांची बाजू घेतली. करकर मागे पडली. कडेला सासरे मेहुणीबरोबर उभे होते.

"मोठे जावई पुढे आहेत," सासरे म्हणाले.

हे वाक्य ऐकण्यासाठी मोठ्या जावयांनी फार वर्षं वाट पाहिली होती. ते नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी मान वळवली, आणि सायकल भिंतीवर गेली. मागून येणारे साडू त्यांना बघायला वळले आणि त्यांच्यावरच आले.

संध्याकाळी मोठे जावई पलंगावर पालथे पडून होते. बायकोने कंबरेला मलम लावलं होतं आणि आता ती शेजारी बसून पुढच्या महिन्याच्या फेऱ्यांचा विचार मोठ्याने करत होती. पटांगण तिचं झालं होतं. त्यांनी फोन ओढून घेतला आणि सवयीने साडूंचं पान उघडलं. पण आज पहिल्यांदाच ते फोटो ओलांडून खाली, फॉर्मपर्यंत गेले. नाव भरलं. उंची, वजन भरलं. कुठल्या कुशीवर झोपता, यापुढे लिहिलं, 'सध्या कुठल्याच नाही.' आणि पाठवून दिलं.

फोन खाली ठेवेपर्यंत उत्तर आलं. 'आपली तक्रार नोंदवली आहे. योग्य ती कारवाई केली जाईल.'

मोठ्या जावयांना हसू आलं आणि कंबरेत कळ गेली. इतक्या झटकन हे आपल्याला सुचलं नसतं, या विचाराने पोटातही थोडं दुखलं. तेवढ्यात स्वयंपाकघरात घंटी खणखणली.

"कोण आलं?" बायकोने विचारलं.

"आणखी एक आला," मोठे जावई फोनकडे न बघताच म्हणाले.